उष्णतेचा हिशेब मांडणारा माणूस : जेम्स प्रेस्कॉट जूल



भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उष्णतेच्या प्रकरणात एक छोटीशी ओळ असते. १ कॅलरी बरोबर ४.१८६ जूल. विद्यार्थी ती पाठ करतात, उदाहरणात आकडा घालतात, उत्तर काढतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. कॅलरी हे उष्णतेचे माप आणि जूल हे कामाचे, म्हणजे यांत्रिक ऊर्जेचे माप. चुलीवरच्या पातेल्यातील ऊब आणि हमालाने उचललेले पोते या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येतात, असे ही ओळ सांगते. दोनशे वर्षांपूर्वी कोणी असे म्हटले असते तर विद्वानांनीही त्याला हसून वाटेला लावले असते. ज्या माणसाने हा तराजू जगाला दिला, त्यालाही आरंभी असाच अनुभव आला. त्याला विद्यापीठाची पदवी नव्हती, प्राध्यापकाची खुर्ची नव्हती, प्रकृतीही धड नव्हती. त्याचे नाव जेम्स प्रेस्कॉट जूल. त्याची जीवनकथा आज आपल्यापुढे ठेवीत आहे. तिच्यातील हिशेबही आपण वाचता वाचता सोडवावा, अशी विनंती आहे.

घर आणि गुरू

जूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहराला लागून असलेल्या सॅलफर्ड येथे झाला. वडिलांचे नाव बेंजामिन आणि आईचे ॲलिस. वडिलांचा बिअर गाळण्याचा मोठा कारखाना होता आणि घरची सुबत्ता होती. हा धंदा आपल्यापैकी अनेकांच्या पसंतीचा नसेल, पण त्या कारखान्याने मुलाला एक गोष्ट शिकविली. तेथे पाण्याची उष्णता थोडी इकडेतिकडे झाली की सगळा माल वाया जात असे. त्यामुळे तापमापक हे तेथे रोजच्या वापराचे हत्यार होते. जूलच्या हाताला आणि डोळ्याला जी विलक्षण अचूकता पुढे आली, तिचे मूळ या कारखान्यात असावे असे जाणकार मानतात.

लहानपणी जेम्सच्या पाठीच्या कण्यात अशक्तपणा होता. मूल लाजाळू, चारचौघांत न मिसळणारे. म्हणून त्याला शाळेत न घालता घरीच शिक्षक ठेवून शिकविण्यात आले. १८३४ मध्ये तो पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला पाठविले. अणुसिद्धांत मांडणारे हेच ते डाल्टन.

या गुरूविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. डाल्टन हे एका गरीब विणकराचे पुत्र. ते क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची दारे अधिकृत चर्चच्या बाहेरच्या लोकांना मोकळी नव्हती. म्हणून अशा लोकांनी आपापल्या शाळा काढल्या, मंडळे स्थापिली आणि वर्गणी काढून ती चालविली. मँचेस्टरची साहित्य व तत्त्वज्ञान सोसायटी १७८१ मध्ये निघाली होती. तिच्या इमारतीतील एका खोलीत डाल्टन स्वतःचे प्रयोग करीत आणि खासगी शिकवण्या घेऊन पोट भरीत. याच खोलीत जूल बंधू गणित आणि भूमिती शिकले. १८३७ मध्ये डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. पण मोजल्याशिवाय बोलायचे नाही आणि मोजले तर नीट मोजायचे, हा धडा तोवर मुलाच्या अंगी भिनला होता. जूलला विद्यापीठ लाभले नाही, त्याला एक सोसायटी आणि एक गुरू लाभला, आणि तेवढ्यावर त्याचे काम भागले.

इंजिनाच्या शोधात

यानंतर जूल वडिलांच्या कारखान्यात काम पाहू लागला. दिवसभर कारखाना, आणि पहाटे व रात्री प्रयोग, असा त्याचा क्रम असे. वडिलांनी मुलाला छंदासाठी घरातच प्रयोगशाळा करून दिली. त्या काळी विजेच्या मोटारींचे नवे वेड सुरू झाले होते. वाफेचे इंजिन काढून विजेचे इंजिन बसविले तर शक्ती जवळजवळ फुकट मिळेल, असे पुष्कळांना वाटे. जूललाही तसेच वाटले आणि विशीच्या आतच, १८३८ मध्ये, त्याने आपल्या विद्युत इंजिनावर पहिला लेख लिहिला.

पण हा मुलगा व्यापाऱ्याचा होता. जमेबरोबर खर्चही मांडायचा, हे त्याला ठाऊक होते. वीज मिळत होती ती बॅटरीतून, आणि बॅटरीत जस्त खर्च होत होते. एक पौंड जस्त खर्चून किती काम होते आणि एक पौंड कोळसा जाळून किती होते, हे त्याने मोजले. उत्तम वाफेचे इंजिन एक पौंड कोळशात जेवढे काम करी, त्याचा जेमतेम पाचवा भाग एक पौंड जस्तातून मिळत होता. शिवाय जस्त महाग. १८४१ मध्ये त्याने हा निष्कर्ष सरळ जाहीर केला. फुकट शक्तीचे स्वप्न त्याच्याच हिशेबाने मोडले.

आणखी एका गोष्टीकडे त्याचे लक्ष गेले. वीज वाहू लागली की तार तापते. किती तापते? त्याने काळजीपूर्वक मोजून दाखविले की तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. हाच जूलचा नियम. घरातील इस्त्री, गिझर आणि फ्यूजची तार या सर्वांचा हिशेब याच नियमाने होतो. हा निबंध त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. सोसायटीने त्याचा थोडक्यात सारांश तेवढा छापला. तेव्हा जूल बावीस वर्षांचा होता.

उष्णता म्हणजे काय?

त्या काळचे विद्वान उष्णतेविषयी काय मानीत, हे येथे समजून घेतले पाहिजे. उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव आहे, असे बहुतेकांचे मत होते. या द्रवाला कॅलॉरिक म्हणत. तापलेल्या वस्तूतून थंड वस्तूत तो वाहत जातो, पण तो नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, अशी समजूत होती. पुष्कळ गोष्टींचा उलगडा या कल्पनेने होत असे, म्हणून तिला मूर्खपणाची म्हणता येणार नाही.

पण मग घर्षणाचे काय? जात्यावर दळताना पीठ कोमट होऊन बाहेर येते. गिरणीचे पीठ तर हाताला चटका देते. सुताराने भराभर गिरमिट फिरविले की त्याचे टोक तापते. ही उष्णता कोठून आली? १७९८ मध्ये काउंट रम्फर्ड यांनी म्युनिकमध्ये तोफेच्या नळीला भोक पाडताना हेच पाहिले होते. घोड्यांनी यंत्र फिरविले आणि भोवतीचे पाणी अडीच तासांत उकळू लागले, विस्तवाचा पत्ता नसताना. घोडे फिरत राहतील तोपर्यंत उष्णता निघत राहते, तेव्हा तो काही नळीत साठलेला द्रव नव्हे, असे रम्फर्ड म्हणाले. पण किती कामाला किती उष्णता, हा आकडा त्यांनी पक्का केला नाही. आकड्यावाचून जुने मत हलले नाही.

जूलने हा प्रश्न आकड्यात आणला. १८४३ मध्ये त्याने एक लहानसे विद्युतजनित्र केले. तारेचे वेटोळे पाण्याच्या नळीत बंद करून ते चुंबकाच्या दोन टोकांमध्ये गरगरा फिरविले. वेटोळ्यात वीज निर्माण झाली, तार तापली आणि पाणी कोमट झाले. आता विचार करा. येथे बॅटरी नाही, विस्तव नाही. दुसऱ्या कोठून उष्णता वाहत आली असती तर तो भाग थंड पडला असता. तसे काहीच घडले नाही. उष्णता नव्यानेच निर्माण झाली होती, आणि तिची किंमत यंत्र फिरविणाऱ्या श्रमाने भरली होती. ते श्रम मोजण्यासाठी त्याने वजने टांगून त्यांच्या पडण्याने यंत्र फिरविले. वजन गुणिले उंची म्हणजे काम. त्याला उत्तर मिळाले ते असे : एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास ८३८ फूट-पौंड काम लागते. म्हणजे ८३८ पौंडांचे वजन एक फूट उचलण्याइतके काम. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्लंडमधील कॉर्क शहरी ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने हे वाचून दाखविले. सभेने ऐकून घेतले आणि पुढचा विषय हाती घेतला.

नकार

जूल थांबला नाही. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे. जूलने तांब्याच्या भक्कम भांड्यात हवा सुमारे २२ पट दाबली, भांडे पाण्यात ठेवले आणि पाणी किती तापले ते मोजले. हवा दाबण्यात झालेले काम आणि निघालेली उष्णता यांचे प्रमाण पुन्हा ८०० च्या आसपास आले. हा निबंध १८४४ मध्ये त्याने रॉयल सोसायटीकडे पाठविला. सोसायटीने तो आपल्या मुख्य ग्रंथात छापण्यास नकार दिला. पुढील वर्षी तो दुसऱ्या मासिकात प्रसिद्ध झाला.

वाचकहो, या नकाराला नुसता अन्याय म्हणून चालणार नाही. जूलचे आकडे तेव्हा ७७० पासून ८९० पर्यंत हलत होते. त्याची सगळी इमारत एका अंशाच्या लहानशा भागावर उभी होती. एवढ्या सूक्ष्म फरकावर शतकभराचे मत सोडायचे, याला विद्वान कचरत होते. शंका घेणे हे त्यांचे कामच होते. त्या शंकेला जूलने कसे उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने भांडण केले नाही. तो घरी गेला आणि अधिक चांगला तापमापक करवून घेतला.

मँचेस्टरमध्ये जॉन डान्सर नावाचे कुशल उपकरणकार होते. त्यांनी जूलसाठी असे तापमापक केले की त्यांवर सराईत डोळ्याला एका अंशाचा दोनशेवा भाग ओळखता येई. एवढ्या बारीक मापावर विश्वास ठेवायला पुष्कळ लोक तयार नव्हते. पण आयुष्याची उमेदीची वर्षे तापमापक वाचण्यात घालविलेल्या माणसाला ते जमत होते.

पाणी घुसळण्याचा प्रयोग

आता त्या प्रसिद्ध प्रयोगाकडे येऊ. कल्पना घरगुतीच आहे. आपल्याकडे रवीने ताक घुसळतात, तसे जूलने पाणी घुसळले. तांब्याच्या भांड्यात पाणी भरले. आत पितळेची फिरती पाती आणि त्यांच्या मधून भांड्याला जोडलेली स्थिर पाती बसविली, म्हणजे पाणी नुसते गोल फिरत न राहता अडेल आणि घासेल. मधल्या दांड्याला दोऱ्या गुंडाळून त्या दोन्ही बाजूंना कप्प्यांवरून नेल्या आणि टोकांना शिशाची दोन वजने टांगली. वजने खाली उतरली की पाती फिरणार. वजने जमिनीला टेकली की पुन्हा वर गुंडाळायची आणि पुन्हा सोडायची.

१८४९ मधील अखेरच्या मालिकेतील आकडे घेऊन आपणही हिशेब करू या. पाटी किंवा वही जवळ घ्या.

प्रत्येक वजन सुमारे २९ पौंडांचे, म्हणजे दोन्ही मिळून ५८ पौंड. एका वेळी ती सुमारे ६३ इंच, म्हणजे सव्वापाच फूट उतरत. असे वीस वेळा केले. एकूण उतार १०५ फूट. काम झाले ५८ गुणिले १०५, म्हणजे ६,०९० फूट-पौंड. यातून वजने जमिनीला टेकताना उरलेला थोडा वेग आणि अशाच लहान गोष्टींचा हिशेब वजा-जमा केला की सुमारे ६,०६७ उरतात.

आता उष्णता. पाणी, भांडे आणि पाती मिळून १३.९ पौंड पाण्याइतकी उष्णता घेत. खोलीच्या हवेचा परिणाम काढून टाकल्यावर तापमान वाढले ०.५६३ अंश. अर्ध्या अंशाहून जरासे जास्त. दोन्हींचा गुणाकार येतो सुमारे ७.८४. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविणाऱ्या उष्णतेला ब्रिटिश थर्मल युनिट म्हणतात, तेव्हा ही झाली ७.८४ युनिटे.

६,०६७ ला ७.८४ ने भागा. उत्तर येते ७७४ च्या जवळपास.

पस्तीस मिनिटांचा हा एक प्रयोग. जूलने पाण्यावर तो चाळीस वेळा केला. प्रत्येक वेळी खोलीच्या हवेमुळे किंवा स्वतःच्या शरीराच्या उबेमुळे किती फरक पडला, हे पाहण्यासाठी तेवढाच वेळ पाती न फिरविता वेगळे मोजमाप घेतले. मग पाण्याऐवजी पारा घेतला. मग पाऱ्यात लोखंडावर लोखंड घासले. पदार्थ बदलला, तरी उत्तर जवळजवळ तेच आले. खरे यश यात होते. केवळ पाणीच तापले असते तर तो पाण्याचा गुण म्हणता आला असता. पाणी, पारा, लोखंड, हवा आणि विजेची तार या सर्वांनी एकच साक्ष दिली, तेव्हा तो निसर्गाचा नियम ठरला. सर्वांचा विचार करून जूलने ७७२ हा आकडा पक्का केला. हाच उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक.

ऑक्सफर्डचा दिवस

पण हे मान्य झाले कसे? १८४७ च्या एप्रिलमध्ये जूलने मँचेस्टरच्या सेंट ॲन चर्चच्या वाचनालयात एक जाहीर व्याख्यान दिले. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप पालटते, असे त्याने सामान्य लोकांना समजेल अशा भाषेत सांगितले. मँचेस्टर कूरियर या वृत्तपत्राने ते पूर्ण छापले. विज्ञानातील एवढा मोठा विचार प्रथम एका वृत्तपत्राच्या रकान्यांत आला.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले. अध्यक्षांनी जूलला सुचविले की निबंध वाचू नये, प्रयोगाचे तोंडी वर्णन थोडक्यात करावे. जूलने तसे केले. हाही प्रसंग कॉर्कप्रमाणे वाया जायचा. पण श्रोत्यांत विल्यम थॉमसन नावाचा ग्लासगोचा जेमतेम तेवीस वर्षांचा प्राध्यापक होता. यालाच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जग ओळखू लागले. थॉमसनला प्रथम वाटले की यात काहीतरी चूक आहे. पण ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आले की येथे एक मोठे सत्य आहे. सभेनंतर दोघे बोलत राहिले. थॉमसनला पूर्ण खात्री पटायला आणखी चार वर्षे लागली, आणि त्या चार वर्षांच्या वादातूनच ऊष्मागतिकी हे शास्त्र उभे राहिले.

याच वर्षी ऑगस्टमध्ये जूलचा अमेलिया ग्राइम्स हिच्याशी विवाह झाला. नवदांपत्य आल्प्स पर्वतात फिरायला गेले. तेथे रस्त्यात अचानक थॉमसनची गाठ पडली. जूलच्या हातात लांबलचक तापमापक होता आणि धबधब्याच्या वरचे व खालचे तापमान मोजण्याचा त्याचा बेत होता, अशी हकिकत थॉमसन पुढे मोठ्या आवडीने सांगे. कदाचित तिच्यात थोडे मीठमसाला पडलेही असेल. पण कल्पना जूलचीच होती. ८१७ फूट पडलेले पाणी एक अंश फॅरनहाइटने तापले पाहिजे, तर १६० फुटांच्या नायगारा धबधब्याखालचे पाणी सुमारे एक पंचमांश अंशाने अधिक उष्ण असले पाहिजे, असे त्याने आधीच लिहून ठेविले होते. आल्प्समध्ये मात्र पाण्याचे तुषारच इतके उडत होते की मोजमाप साधले नाही.

१८४९ मध्ये जूलचा निबंध थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांच्यामार्फत रॉयल सोसायटीपुढे आला आणि १८५० मध्ये सोसायटीच्या मुख्य ग्रंथात छापला गेला. पूर्वी दार लावून घेणाऱ्या याच सोसायटीने त्या वर्षी त्याला आपला सभासद करून घेतले. १८५२ मध्ये रॉयल पदक आणि १८७० मध्ये कोप्ले पदक देऊन तिने त्याचा गौरव केला. डब्लिन, ऑक्सफर्ड आणि एडिंबरो विद्यापीठांनी या घरी शिकलेल्या माणसाला सन्मान्य पदव्या दिल्या.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जर्मनीत हाइलब्रॉन गावचे डॉक्टर रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये, म्हणजे जूलच्या एक वर्ष आधी, हाच विचार मांडला होता आणि हवेच्या गुणधर्मांवरून आकडाही काढला होता. पुढे श्रेयाचा मोठा वाद झाला. आज जाणकार दोघांनाही मान देतात. विचार मायर यांनी आधी प्रसिद्ध केला, आणि प्रयोगाने तो निर्विवाद केला जूलने. रॉयल सोसायटीने १८७१ मध्ये मायर यांनाही कोप्ले पदक दिले.

आता थोडे गणित

विद्यार्थी मित्रांनो, आता ही मापे आपल्या हातात घेऊ. जूलचा ७७२ हा आकडा पुढे किंचित सुधारला. अमेरिकेतील हेन्री रोलंड यांनी १८७९ मध्ये दाखविले की पाऱ्याच्या तापमापकाची पट्टी हवेच्या तापमापकाशी तंतोतंत जुळत नाही. ती दुरुस्ती धरून आज आपण ७७८ घेतो. जूलची चूक शंभरात एकाहूनही कमी होती. मेट्रिक पद्धतीत हेच माप असे लिहितात :

१ कॅलरी = ४.१८६ जूल
१ किलोकॅलरी = ४,१८६ जूल
१ ब्रिटिश थर्मल युनिट = ७७८ फूट-पौंड = सुमारे १,०५५ जूल
१ युनिट वीज, म्हणजे १ किलोवॅट-तास = ३६ लाख जूल = सुमारे ८६० किलोकॅलरी

नियम एकच ध्यानात ठेवा. उष्णतेकडून कामाकडे जाताना गुणा, कामाकडून उष्णतेकडे येताना भागा.

पहिले उदाहरण. घरी चहासाठी १ लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले. उष्णता लागली ७५ किलोकॅलरी. ४,१८६ ने गुणा. उत्तर सुमारे ३ लाख १४ हजार जूल. एवढ्या ऊर्जेने १०० किलोचे पोते किती उंच उचलता येईल? १०० गुणिले ९.८ म्हणजे ९८० ने भागा. उत्तर ३२० मीटर! एक क्विंटलचे पोते कुतुबमिनारच्या चौपट उंचीवर नेण्याइतकी शक्ती आपण रोज एका किटलीत घालतो. जूलपूर्वी हे कोणाच्या ध्यानात का आले नाही, याचे उत्तर येथेच आहे. थोड्या उष्णतेची किंमत कामात फार मोठी असते, आणि पुष्कळ कामातून निघणारी उष्णता हाताला जाणवतही नाही.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. ५० किलो वजनाचा विद्यार्थी १० मीटर उंचीचे जिने चढला. काम झाले ५० गुणिले ९.८ गुणिले १०, म्हणजे ४,९०० जूल. ४,१८६ ने भागा. फक्त १.१७ किलोकॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेला आकडा याच्याशी ताडून पाहा. शरीर खाल्लेल्या ऊर्जेचा बराच भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते, म्हणून प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट खर्च होते. तरीही मुकाबला बोलका आहे.

तिसरे उदाहरण पालकांसाठी. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर तापवायला ३७५ किलोकॅलरी लागतात. ८६० ने भागा. अर्ध्या युनिटापेक्षा थोडी कमी वीज. महिन्याच्या बिलात गिझर किती खातो, हे आता घरातील नववीचा मुलगा किंवा मुलगी सांगू शकेल.

मात्र एक सावधगिरी हवी. काम पूर्णपणे उष्णतेत बदलता येते, पण उष्णता पूर्णपणे कामात बदलता येत नाही. इंजिन काही उष्णता बाहेर टाकणारच. तुल्यांक भाव सांगतो, बाजारात माल पूर्ण विकला जाईल असे सांगत नाही. हा दुसरा नियम थॉमसन आणि जर्मनीचे क्लॉसियस यांनी पुढे मांडला.

उत्तरायुष्य

मान मिळाला, पण जूलचे घर मात्र लवकर मोडले. १८५४ मध्ये पत्नी अमेलिया वारली. तान्हे मूलही गेले. मागे एक मुलगा आणि एक मुलगी उरली. त्याच वर्षी कारखाना विकला गेला. लाजाळू जूल अधिकच एकांतात गेला, पण काम सुटले नाही. १८५२ पासून दहा वर्षे त्याने आणि थॉमसनने मिळून वायूंवर प्रयोग केले. दाबलेला वायू सच्छिद्र बुचातून सावकाश सुटला की बहुधा थंड होतो, हे त्यांनी दाखविले. या जूल-थॉमसन परिणामाच्या आधारे पुढे हवा द्रवरूप करणे शक्य झाले, आणि इस्पितळांना लागणारा द्रव ऑक्सिजन त्या वाटेनेच आला.

उतारवयात संपत्ती आटली. १८७८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. आणि त्याच वर्षी, साठीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने पाणी घुसळण्याचा प्रयोग पुन्हा नव्याने केलेला जगाने पाहिला. पदके मिळाली होती, नाव झाले होते, कोणी विचारणार नव्हते. तरीही आपला जुना आकडा अजून तपासून पाहावा, असे त्याला वाटले. उत्तर आले ७७२.५५.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी मँचेस्टरजवळ सेल येथे त्याचे निधन झाले. त्याच वर्षी पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला जूल हे नाव दिले होते. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय वजन-माप परिषदेने उष्णताही जूलमध्येच मोजावी असे ठरविले. उष्णता आणि काम यांना दोन वेगळी मापे असण्याचे कारणच त्याने उरू दिले नव्हते. मँचेस्टरच्या नगरभवनात दाराशी गुरू डाल्टन आणि शिष्य जूल यांचे पुतळे समोरासमोर बसविलेले आहेत.

पालक बंधू-भगिनींनो, जूलच्या वडिलांनी मुलाच्या दुबळ्या प्रकृतीकडे पाहून त्याला केवळ गल्ल्यावर बसविले नाही. त्यांनी त्याच्यासाठी उत्तम गुरू शोधला आणि घरात एक खोली मोकळी करून दिली. आपल्या घरातही एखादा अबोल मुलगा किंवा मुलगी वस्तू उघडून पाहत असेल, मोजत असेल, वहीत काही टिपत असेल. त्या वहीला जागा द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या कामाला कोणी नकार दिला तर रागावण्याआधी आपला तापमापक पुरेसा बारीक आहे का, ते तपासा. तो बारीक असेल तर खुशाल चाळीस वेळा मोजा.

सेलच्या दफनभूमीत जूलच्या थडग्यावरील दगडात एक आकडा कोरलेला आहे. तो आहे ७७२.५५. पुढच्या वेळी पाठ्यपुस्तकात ४.१८६ दिसेल, तेव्हा तो आकडा आठवा.